बंदुकीआधी कागद : अमेरिकेतील शस्त्रबंदी आणि नागरिकत्वाचा पुरावा

१/
८ मे १९०९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एक कायदा अस्तित्वात आला. परदेशात जन्मलेल्या आणि अद्याप अमेरिकेचे नागरिक न झालेल्या रहिवाशाने वन्य पशुपक्ष्यांची शिकार करू नये, आणि त्यासाठी शॉटगन किंवा रायफल जवळही बाळगू नये, असे त्यात म्हटले होते. दंड २५ डॉलर. बंदूक सरकारजमा.

२/
बंदूकधाऱ्याने गुन्हा केला आहे का, तो मनाने स्थिर आहे का, हे या कायद्याला विचारायचे नव्हते. त्याचा प्रश्न एकच होता : नागरिकत्वाचा कागद आहे का? हा प्रश्न अमेरिकेत १९०९ साली प्रथम विचारला गेला नव्हता आणि तेव्हा संपलाही नाही. त्या प्रश्नाचा इतिहास या धाग्यात मांडला आहे.

३/
सुरुवात याच राज्यातून करावी लागते. १७७६ मध्ये वसाहतींनी ब्रिटनपासून स्वातंत्र्य घोषित केले. युद्ध चालू होते आणि शेजारी कोणाच्या बाजूने आहे याची कोणालाच खात्री नव्हती. जून १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने गोऱ्या पुरुषांसाठी निष्ठेची शपथ सक्तीची केली. ब्रिटिश राजाशी संबंध तोडून नव्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याची ती शपथ होती.

४/
शपथ घेणाऱ्याला दाखला मिळे. न घेणाऱ्याचे मतदानासारखे हक्क जात आणि त्याची शस्त्रे काढून घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. दाखल्याविना आपल्या परगण्याबाहेर प्रवास करणाऱ्यावर हेरगिरीचा संशय घेता येई. क्वेकर आणि मेनोनाइट पंथीयांच्या धर्मात शपथ घेणेच निषिद्ध होते. त्यामुळे राजाशी काडीचा संबंध नसलेली माणसेही संशयितांच्या यादीत गेली.

५/
या टप्प्यावर कागद निष्ठेचा होता, नागरिकत्वाचा नव्हता. पण पुढे दीर्घकाळ टिकलेली पद्धत येथे दिसते : शस्त्र जवळ असण्याचा प्रश्न माणसाच्या वर्तनाऐवजी तो ‘आपला’ आहे का यावर ठरवायचा, आणि ‘आपला’ असल्याचा पुरावा कागदावर मागायचा.

६/
याच राज्याच्या घटनेत एक शब्दबदलही झाला. १७७६ च्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क ‘लोकांचा’ होता. १७९० च्या घटनेत तो ‘नागरिकांचा’ झाला. त्याच वर्षी संघराज्याच्या काँग्रेसने नागरिकत्व देण्याचा पहिला कायदा केला आणि परदेशी माणसांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिक होण्याची मुभा दिली. या दोन वाक्यांची गाठ पुढे कोठे पडणार होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

७/
ही गाठ प्रथम कृष्णवर्णीयांच्या बाबतीत दिसली. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग भीतीचा होता. त्यांना नागरिक मानले तर ते सभा भरवतील, मोकळेपणे बोलतील आणि शस्त्रे घेऊन हवे तिथे फिरतील, असे परिणाम टॉनी यांनी मोजून दाखवले. म्हणजे शस्त्राचा हक्क हा नागरिकत्व नाकारण्याच्या कारणांपैकी एक ठरला.

८/
यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली, तरी ही भीती गेली नाही. नोव्हेंबर १८६५ मध्ये मिसिसिपीने केलेल्या कायद्यानुसार, लष्करात नसलेल्या मुक्त कृष्णवर्णीयाला परगण्याच्या मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नसे. गोऱ्या शेजाऱ्याला असा परवाना लागत नव्हता. परवाना देणारे मंडळ कोणाचे होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

९/
याला उत्तर म्हणून १८६६ चा नागरी हक्क कायदा आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आली. या दुरुस्तीत दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी आहेत. विशेष हक्क ‘नागरिकांना’ दिले आहेत. कायद्याचे समान संरक्षण मात्र ‘कोणत्याही व्यक्तीला’. नागरिक नसलेल्या माणसाच्या हातातील बंदुकीचा पुढचा सारा वाद या दोन शब्दांमधल्या फटीत घडला.

१०/
१८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्व घेण्याचा मार्ग खुला झाला. आशियाई लोकांना तो खुला झाला नाही. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात येण्यासच बंदी झाली. त्याच काळात दक्षिण आणि पूर्व युरोपातून लाखो माणसे अमेरिकेत येऊ लागली. पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणी, चुनखडीच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने त्यांच्या श्रमावर चालू लागले.

११/
या मजुरांपैकी इटालियन लोक लहान पक्षीही मारून खात. त्यांच्या गावाकडे ती जुनीच रीत होती. येथे मात्र गाणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाची चळवळ जोरात होती आणि १८९५ मध्ये राज्याने शिकार नियमनासाठी स्वतंत्र आयोग नेमला होता. आयोगाचे रक्षक आणि खाणमजूर यांच्यात चकमकी होऊ लागल्या. १९०६ मध्ये सीली हाउक या रक्षकाचा खून झाला. त्या प्रकरणात रोक्को रॅको या इटालियनाला १९०९ मध्ये फाशी देण्यात आले.

१२/
म्हणजे १९०९ च्या कायद्यामागे खरी हिंसा होती, हे नाकारता येत नाही. पण त्या कायद्याने हिंसा करणाऱ्याला वेगळे काढले नाही. त्याने सगळ्या परदेशी जन्मलेल्यांना एका ओळीत उभे केले. १९१३ पासून राज्याच्या रहिवाशाला एक डॉलर भरून शिकारीचा परवाना मिळू लागला. नागरिक नसलेल्या खाणमजुरासाठी मात्र त्याच जंगलाचे दार बंदच राहिले.

१३/
इटलीच्या राजाचा प्रजाजन असलेला जोसेफ पॅट्सोन शॉटगन जवळ बाळगल्याबद्दल या कायद्याखाली दोषी ठरला. त्याने ही शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. त्याचे म्हणणे दोन मुद्द्यांवर उभे होते : चौदावी घटनादुरुस्ती प्रत्येक ‘व्यक्तीला’ समान संरक्षण देते, आणि इटलीशी १८७१ मध्ये झालेला तह इटालियनांना येथे संरक्षण देतो.

१४/
१९ जानेवारी १९१४ रोजी निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचे होते. वन्यजीव ही राज्याने आपल्या नागरिकांसाठी राखलेली संपत्ती आहे, म्हणून परक्यांना शिकार नाकारता येते. आणि शिकार नाकारता येत असेल तर तिचे साधनही काढून घेता येते, असा त्यांचा तर्क होता. परदेशी लोक हाच या उपद्रवाचा मुख्य स्रोत आहे असे विधिमंडळाला वाटले असेल, तर तेथील अनुभव त्याला अधिक ठाऊक. वॉशिंग्टनमध्ये बसून ते चुकीचे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे.

१५/
होम्स यांनी एक गोष्ट मात्र नोंदवली. कायदा शॉटगन आणि रायफलपुरता आहे. स्वसंरक्षणासाठी प्रसंगी लागू शकेल अशा पिस्तुलाला तो हात लावत नाही. सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांनी निकालाशी असहमती दर्शवली. पॅट्सोन हरला. ‘व्यक्ती’ या शब्दाने त्याला वाचवले नाही.

१६/
होम्स यांनी मोकळी ठेवलेली पिस्तुलाची वाट न्यू यॉर्कने आधीच बंद केली होती. नागरिक नसलेल्याने सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगू नये, असा कायदा तेथे १९०५ मध्ये झाला. १९११ मध्ये टिमथी सुलिव्हन या वजनदार राजकारण्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. अंगावर लपवता येईल असे शस्त्र बाळगण्यासाठी आता सर्वांनाच परवाना आवश्यक झाला आणि परक्यांवरील बंदी तशीच राहिली.

१७/
या कायद्याखाली शिक्षा झालेल्या पहिल्या माणसांमध्ये एक इटालियन होता. ‘ब्लॅक हँड’ नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या भीतीमुळे आपण रिव्हॉल्व्हर बाळगले, असे त्याने सांगितले. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना त्याच्या देशबांधवांच्या शस्त्र बाळगण्याच्या सवयीला दोष दिला आणि त्याला एक वर्षासाठी सिंग सिंगच्या तुरुंगात धाडले. ज्या टोळ्यांमुळे इटालियन बदनाम झाले, त्यांचे पहिले भक्ष्य इटालियनच होते. न्यायालयाच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक उरला नाही.

१८/
पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्याने १९११ मध्येच वेगळा मार्ग काढला. तेथे परक्यावर सरसकट बंदी नव्हती, परवाना होता. पण त्यासाठी त्याच्या देशाच्या, त्याच राज्यात राहणाऱ्या वाणिज्यदूताने ‘हा माणूस जबाबदार आहे’ असे प्रमाणपत्र द्यावे लागे आणि १५ डॉलर शुल्क भरावे लागे. तीन वर्षांनी हेन्री फोर्ड यांनी कामगारांना पाच डॉलर रोज जाहीर केला, तेव्हा ती देशभर गाजलेली बातमी ठरली. त्या गाजलेल्या मजुरीचेही हे तीन दिवस होत.

१९/
या कायद्यात एक सूट होती. नागरिक होण्याचा इरादा ज्याने न्यायालयात रीतसर जाहीर केला असेल, त्याला हा परवाना लागत नसे. ‘इराद्याची घोषणा’ ही नागरिकत्वाची पहिली पायरी होती. १९०६ च्या कायद्यानुसार पुढे पाच वर्षांचे वास्तव्य, इंग्रजी बोलता येणे आणि साक्षीदार लागत. इटालियन किंवा पोलिश मजुराला ही पायरी अवघड होती, पण ती होती. जपानी, चिनी किंवा हिंदी माणसाला ती नव्हतीच.

२०/
भारतीयांचा या इतिहासाशी थेट संबंध येथे येतो. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला तो ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्व नाकारले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंड यांचा दावाही फेटाळला गेला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. सरकारने ज्याच्या हाती एकेकाळी स्वतःहून रायफल दिली, तो नागरिक होण्यास पात्र नव्हता.

२१/
थिंड यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे नाव होते सखाराम गणेश पंडित. मुंबई इलाख्यातील अहमदाबाद येथे जन्मलेले पंडित कॅलिफोर्नियात वकिली करत होते आणि १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते. थिंड निकालानंतर सरकारने हिंदी लोकांना आधी दिलेले नागरिकत्व रद्द करण्याची मोहीम उघडली. पंडित यांच्यावरही दावा झाला.

२२/
त्याच १९२३ साली कॅलिफोर्नियाने पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांसंबंधी नवा कायदा केला. नागरिक न झालेला परदेशी आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला गुन्हेगार, या दोघांना अशी शस्त्रे बाळगण्यास बंदी झाली. दोघांचा उल्लेख एकाच कलमात होता. गुन्हेगाराने काहीतरी केले होते. परक्याने केवळ दुसरीकडे जन्म घेतला होता. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

२३/
आता दोन्ही १९२३ एकत्र वाचावेत. संघराज्य म्हणाले, तू नागरिक होऊ शकत नाहीस. राज्य म्हणाले, नागरिक नसशील तर रिव्हॉल्व्हर बाळगू शकत नाहीस. दोन्ही वाक्ये वेगवेगळी वाचली तर दुसऱ्यात वंशाचा उल्लेखही नाही. एकत्र वाचली की कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाबी माणसावरील बंदी कायमची होते. कारण जो कागद मागितला जातो, तो त्याला कोणत्याही कचेरीत मिळणार नसतो.

२४/
हे शेतकरी ज्या देशातून आले होते, तेथेही त्यांना असेच काहीसे अनुभवाला आले होते. लॉर्ड लिटन यांच्या काळात, १८७८ मध्ये, हिंदुस्थानात शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना आवश्यक. कायद्याखालील नियमांनुसार युरोपीयांना सूट. तेथे नागरिक कोणीच नव्हते, सगळे राणीची प्रजाच होते. तरी प्रजेतही दोन प्रती होत्या. या कायद्यात बदल करावा, अशी मागणी राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात केली.

२५/
दोन्ही व्यवस्थांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात भेद उघडपणे वंशाच्या नावाने होता, म्हणून त्यावर बोट ठेवता येत होते. अमेरिकेत तो नागरिकत्वाच्या आड होता. कायदा वाचणाऱ्याला केवळ एक वाजवी अट दिसे. ती अट कोणाला पूर्ण करता येणार नाही, हे दुसऱ्याच कायद्यात लिहिलेले असे.

२६/
पंडित यांनी स्वतःचा खटला मात्र जिंकला. सरकारने १९१४ मध्ये अपील करायला हवे होते. एकदा कायम झालेला निर्णय इतक्या वर्षांनी उकरून काढता येणार नाही, हा मुद्दा न्यायालयाला पटला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका विचारात घेण्यास नकार दिला. त्यांचा कागद टिकला. त्यांच्या अशिलाचा टिकला नव्हता.

२७/
पॅट्सोनच्या वाट्याला न आलेला न्याय १९३६ मध्ये कोलोरॅडोत एका जपानी माणसाला मिळाला. नाकामुरा खटल्यातील कायदा जवळपास पेनसिल्व्हेनियासारखाच होता : नागरिक न झालेल्या परदेशी माणसाला शिकार आणि बंदूक दोन्ही बंद. पण कोलोरॅडोच्या घटनेत शस्त्राचा हक्क ‘नागरिकांचा’ नव्हता, ‘व्यक्तीचा’ होता. शिकार नागरिकांसाठी राखता येईल. वन्यजीवांच्या रक्षणाचे निमित्त करून परक्याला निःशस्त्र करता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. एका शब्दाने येथे निकाल फिरवला.

२८/
१९४६ मध्ये भारतीयांना आणि १९५२ मध्ये उरलेल्या आशियाई लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. शस्त्रबंदीचे राज्यांतले कायदे मात्र राहिले. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडणारा सिरहान सिरहान जॉर्डनचा नागरिक होता. कॅलिफोर्नियाच्या १९२३ पासूनच्या बंदीनुसार त्याच्याजवळ रिव्हॉल्व्हर असायलाच नको होते. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, तेथील अपील न्यायालयाने परक्यांवरील ही बंदी समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केली.

२९/
१९६८ मध्येच संघराज्याने देशभरासाठी बंदुकांचे कायदे कडक केले. नागरिक आणि परका या जुन्या विभागणीऐवजी ‘देशात कायदेशीरपणे आहे की बेकायदा’ ही रेषा पुढे आली. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना आजही एक अर्ज भरावा लागतो. त्यात नागरिकत्वाचा देश विचारला जातो. मी अमेरिकन नागरिक आहे, असे लिहिणाऱ्याकडे जन्मदाखला वा पासपोर्ट मागितला जात नाही. सरकारी ओळखपत्र आणि पार्श्वभूमीची तपासणी पुरते. खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. कागदपत्रांचा पुरावा द्यावा लागतो तो प्रामुख्याने परदेशी माणसाला.

३०/
फेब्रुवारी १९९७ मध्ये न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीत एका परदेशी पाहुण्याने गोळीबार केला. एकाचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. हल्लेखोर देशात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याने फ्लोरिडातील मोटेलचा पत्ता देऊन ओळखपत्र मिळवले आणि त्यावर पिस्तूल खरेदी केले होते. त्यानंतर परदेशी खरेदीदाराकडून राज्यातील ९० दिवसांच्या वास्तव्याचा पुरावा मागण्यात येऊ लागला. १९९८ मध्ये काँग्रेसने तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक बाळगण्यास सर्वसाधारण मनाई केली.

३१/
या मनाईला काही अपवाद आहेत. त्यांतला सर्वांत परिचित अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. पेनसिल्व्हेनियात १९०९ मध्ये परक्याच्या हातातली बंदूक काढून घेण्याचे कारण शिकार हे होते. १९९८ मध्ये परक्याच्या हाती बंदूक देण्याचे कारणही शिकारच झाले. नव्वद वर्षांपूर्वीचा शिकारी खाणमजूर होता. आताचा शिकारी पैसे खर्च करून येणारा पाहुणा आहे.

३२/
२००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा वैयक्तिक हक्क मानला. संघराज्याच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शब्द आहे ‘लोक’. नागरिकही नाही आणि व्यक्तीही नाही. मग ‘लोक’ कोण? २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयाने उत्तर दिले की, देशात कायमचे राहणारे परदेशी त्यात येतात, आणि त्यांना घरात पिस्तूल ठेवण्याचा परवाना नाकारणारी राज्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. बेकायदा राहणारे त्यात येतात का, यावर संघीय न्यायालयांमध्ये परस्परविरोधी मते नोंदली गेली आहेत.

३३/
शस्त्रावर नियंत्रण असावे की नसावे, हा वेगळा प्रश्न आहे. हाउकचा खून खरा होता, एम्पायर स्टेटमधील गोळीबारही खरा होता. या इतिहासातून दिसते ते एवढेच की, भीती एका माणसाच्या कृत्यातून जन्मते आणि कायदा मात्र त्याच्या जन्मस्थळावर लिहिला जातो. मग पुरावा मागणारे आणि पुरावा देण्याचे नाकारणारे सरकार एकच असले, तर अट वाजवी दिसते आणि दार बंद राहते.

३४/
म्हणून असा कोणताही जुना कायदा वाचताना दोन पाने शेजारी ठेवावीत. एका पानावर कोणता कागद आणायला सांगितला आहे ते पाहावे, आणि दुसऱ्या पानावर तो कागद त्या काळी कोणाला मिळू शकत होता ते. पॅट्सोन, थिंड आणि नाकामुरा यांची कहाणी या दुसऱ्या पानावर सापडते.

धागा समाप्त.